सांगून मिळालं तर त्याला काय अर्थ?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: पत्रलेखिका 37 वर्षांच्या आहेत, लग्नाला 9 वर्षं झाली. रोज रात्री झोपण्यापूर्वी फोनवर प्रेमकादंबरी, दर आठवड्याला दोन वेबकॉमिक्सचे नवे भाग, सुट्टीला एखादा रोमँटिक चित्रपट ही त्यांची जुनी आवड. मध्यंतरी एका कादंबरीत असा प्रसंग होता: गर्दीत नायिका गप्प होते, नायकाच्या ते लक्षात येतं आणि काही न विचारता तो तिला बाहेर मोकळ्या हवेत घेऊन जातो. तो प्रसंग त्यांनी पुन्हा पुन्हा वाचला आणि त्यांना रडू आलं. त्याच आठवड्यात एका समारंभात त्या स्वतः तशाच गप्प होत्या, नवऱ्याच्या मात्र काही लक्षात आलं नाही. घरी येऊन भांडण झालं. तो म्हणाला, 'तुझा संसार माझ्याशी नाही, पुस्तकातल्या पुरुषांशी चाललाय. असली माणसं जगात नसतात.' त्याच रात्री त्यांनी वाचनाचं ॲप काढून टाकलं. दोन महिने झाले, भांडण मिटलंय, पण चिडचिड वाढली आहे. त्या विचारतात: 'या गोष्टींनी माझ्या अपेक्षा बिघडवल्या का? वाचन कायमचं सोडू का? मैत्रीण म्हणते, हवंय ते सरळ सांग त्याला. पण सांगून मिळालं तर त्याला काय अर्थ?'

प्रिय वाचक मैत्रीण,

तुमचे पहिले दोन प्रश्न पुस्तकांबद्दल आहेत, तिसरा तुमच्या घराबद्दल. तिसऱ्याचं उत्तर मिळालं तर पहिले दोन बरेचसे आपोआप सुटतील असं मला वाटतं. तरी सुरुवात पुस्तकांपासूनच करते, कारण त्यांना तुम्ही एका रात्रीत घराबाहेर काढलंत आणि त्यांची बाजू कुणी ऐकली नाही.

ज्या प्रसंगानं तुम्हाला रडवलं त्यात काय होतं ते पुन्हा पाहा. त्यात राजवाडा नव्हता, भेटवस्तू नव्हती, नायकाच्या दिसण्याचा तर उल्लेखही तुमच्या पत्रात नाही. एका माणसाच्या लक्षात आलं की आपल्या माणसाला इथे गुदमरतंय, एवढंच. ही इच्छा तुमच्या मनात कादंबरीनं पेरली, असं तुम्ही गृहीत धरलंय. मला ते पटत नाही. आपल्याकडे कुणाचं तरी लक्ष असावं, ही गरज माणूस वाचायला शिकण्याच्या कितीतरी आधी शिकतो. कादंबरीनं ती तुम्हाला स्वच्छ दिसेल अशी समोर मांडली, आणि म्हणूनच तुम्ही त्या पानावर परत परत गेलात.

या विषयावर जॅनिस रॅडवे या अमेरिकन अभ्यासिकेचं 1984 साली आलेलं एक पुस्तक आजही वाचलं जातं. प्रेमकादंबऱ्यांवर दुरून मत देण्याऐवजी त्या थेट वाचणाऱ्या बायकांकडे गेल्या. एका गावातल्या, एकाच दुकानातल्या विक्रेतीच्या सल्ल्यानं पुस्तकं निवडणाऱ्या या बायका होत्या, बहुतेक संसारी. त्यांनी कथेआधी वाचनाच्या वेळेबद्दलच भरभरून सांगितलं. दिवसभर घरातल्या प्रत्येकाचं बघायचं, आणि हातात पुस्तक असेल तेवढाच वेळ कुणी काही मागायचं नाही, असं त्या वाचनाकडे पाहत होत्या. आणि त्यांना आवडणारा नायक कसा, तर शेवटी कोमल होणारा, काळजी घेणारा. दोन महिन्यांत तुमची चिडचिड का वाढली याचं अर्धं उत्तर मला इथे दिसतं. कथा तर गेल्याच, शिवाय तुमचा रोजचा एकटीचा अर्धा-पाऊण तास गेला, आणि त्या जागी दुसरं काही आलं नाही.

रॅडवे यांनी आणखी एक गोष्ट मांडली, ती मला तुमच्या बाबतीत जास्त मोलाची वाटते. लग्नात जी माया मिळत नाही ती पुस्तकात मिळते, आणि ती तिथे मिळून जाते म्हणून घरात कुणी मागत नाही, ही शक्यता त्यांना अस्वस्थ करत होती. तुमच्या नवऱ्याचा आरोप नेमका उलटा आहे: पुस्तकांमुळे तू फार मागतेस. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. त्यात 'मी त्याला म्हणाले, मला असं असं हवंय' असं एकही वाक्य नाही. तुम्ही काहीच मागितलेलं नाही. वाट पाहिलीत, आणि ते आलं नाही म्हणून दुखावलात.

अपेक्षा बिघडण्याच्या मुद्द्यावर एक आणखी सांगायला हवं, कारण या प्रकारच्या लेखनाकडे अजूनही लोक पन्नास वर्षांपूर्वीच्या चष्म्यातून पाहतात. 1972 साली कॅथलीन वुडिविस यांची 'द फ्लेम अँड द फ्लॉवर' ही कादंबरी आली आणि आधुनिक ऐतिहासिक प्रेमकादंबरीची लाट तिच्यापासून मोजतात. त्या कादंबरीत नायक सुरुवातीलाच नायिकेवर बळजबरी करतो, आणि शेवटी तोच तिचा प्रियकर ठरतो. आजची समकालीन प्रेमकथा उघडा. नायक जवळ येण्याआधी विचारतो, नकार आला तर थांबतो. नायिकेला काम असतं, मैत्रिणी असतात, कधी नैराश्य असतं, कधी आधीचं मोडलेलं लग्न. दोन स्त्रियांच्या, दोन पुरुषांच्या प्रेमकथा आडून सूचित न करता सरळ लिहिल्या जातात. अशा कथांनी कुणाच्या अपेक्षा वाढल्याच असतील तर त्यातल्या पुष्कळशा वाढायलाच हव्या होत्या.

मग या कथांमध्ये खोटं काही नाही का? आहे. फक्त ते तुमचा नवरा दाखवतोय तिथे नाही.

लोक सहसा गोड शेवटाकडे बोट दाखवतात. पण गोड शेवट हा लेखक आणि वाचक यांच्यातला उघड करार आहे. अमेरिकेतल्या प्रेमकादंबरीकारांच्या संघटनेनं या प्रकाराच्या व्याख्येत दोनच अटी घातल्या होत्या: मध्यवर्ती प्रेमकथा हवी, आणि शेवट समाधान देणारा, आशादायी हवा. म्हणजे पहिल्या पानावरच तुम्हाला माहीत असतं की ही दोघं एकत्र येणार. वाचायचं ते कशी येणार यासाठी. यात कुणाची फसवणूक होत नाही.

मला खोटं वाटतं ते दुसरंच, आणि ते इतकं गोड आहे की पटकन लक्षात येत नाही. आजच्या बऱ्याच प्रेमकादंबऱ्यांत एक प्रकरण तिचं असतं, पुढचं त्याचं, दोन्ही 'मी'च्या आवाजात. ती गप्प का आहे हे आपण तिच्या प्रकरणात वाचतो. तिचं गप्प होणं त्याला कसं कळलं, कळल्यावर त्याच्या पोटात कसं कालवलं, हे त्याच्या प्रकरणात. दोन्ही मनं आपल्यापुढे उघडी असतात. म्हणून त्यानं काही न विचारता तिचा हात धरला तर आपल्याला ते अगदी साहजिक वाटतं. पण त्याला ते कळलं कारण लेखिकेनं ते कळवलं. दोन्ही मनं एकाच व्यक्तीनं लिहिली आहेत.

कॉमिक्समध्ये हेच वेगळ्या रीतीनं होतं. जो सायमन आणि जॅक कर्बी या जोडीनं 1947 साली 'यंग रोमान्स' सुरू केलं आणि अमेरिकेत प्रेमकथांच्या कॉमिक्सचं पीक आलं. चेहरा एक सांगतोय आणि डोक्यावरच्या विचारांच्या फुग्यात भलतंच लिहिलंय, हे तिथलं नेहमीचं चित्र. पुढे जपानी शोजो मांगानं, म्हणजे मुलींसाठीच्या जपानी कॉमिक्सनं, विशेषतः 1970 च्या दशकातल्या लेखिका-चित्रकारांनी, मनातलं बोलणं फुग्याच्या बाहेर काढलं आणि ते चौकटींवरून तरंगत जाऊ लागलं. तुम्ही वाचता त्या फोनवरच्या वेबकॉमिक्समध्ये दोन चित्रांच्या मध्ये लांब कोरी जागा असते. बोटानं खाली सरकत जाताना त्याचं थबकणं आपल्याला जणू शरीरात जाणवतं. मला ही कला फार आवडते. एका नजरेला पडद्याची अख्खी लांबी देणं दुसऱ्या कुठल्या माध्यमाला जमेल?

आणि सिनेमा? सिनेमाला मनात शिरता येत नाही, पण ती दुसरीकडे पाहत असताना तो तिच्याकडे कसा पाहतोय, हे कॅमेरा आपल्याला दाखवतो. त्याची ती नजर तिला दिसत नाही, आपल्याला दिसते.

तिन्ही ठिकाणी तिच्यावर प्रेम आहे हे तिच्याआधी आपल्याला कळतं. वर्षानुवर्षं असं वाचलं-पाहिलं की न सांगता कळणं हीच प्रेमाची खूण, असं मनात पक्कं बसतं. तुमच्या घरात दुसरं प्रकरण छापलेलं नसतं. त्या समारंभात तुमच्या नवऱ्याच्या मनात काय चाललं होतं, हे तुम्हाला अजूनही माहीत नाही. कदाचित त्याचं खरंच लक्ष नव्हतं. कदाचित तुम्ही थकलात असं त्याला वाटलं. कदाचित तुम्ही गप्प दिसलात आणि आपलंच काही चुकलं असेल, या भीतीनं तो विचारायला धजावला नाही. तुम्ही विचारलंत का? पत्रात तसं दिसत नाही. त्यालाही तुमचं प्रकरण वाचायला मिळालं नाही, आणि घरी आल्यावर जे मिळालं ते एकदम भांडणाच्या सुरात.

इथे तुमच्या आवडत्या पुस्तकांनाच साक्षीला बोलावते. प्रेमकादंबऱ्यांचे नेमाचे वाचक ज्या गोष्टीवर सर्वांत जास्त वैतागतात ती कुठली? शेवटाआधीची ताटातूट, जी केवळ दोघांपैकी एकानं एक वाक्य न बोलल्यामुळे होते. 'अगं, बोल ना त्याच्याशी!' असं आपण पुस्तकाला ओरडून सांगतो. 'स्लो बर्न', म्हणजे फार सावकाश जुळत जाणारं प्रेम, आपल्याला चालतं, आधी शत्रू असलेले पुढे प्रेमी झाले तरी चालतं, खोटं खोटं जुळवलेलं नातंही चालतं. पण गैरसमजावर ताणलेली पन्नास पानं सोसवत नाहीत. आणि ती ताटातूट संपते कशी? बहुतेक वेळा कुणीतरी येऊन शब्दांत सांगतं: मी घाबरलो होतो, मला हे हवं होतं, मी चुकलो. म्हणजे न सांगता कळण्याची स्वप्नं दाखवणाऱ्या या कथासुद्धा शेवटी सांगण्यावरच येऊन थांबतात. त्या पानावर आपल्याला कधी वाटतं का, की त्यानं बोलून दाखवलं म्हणून त्याचं प्रेम कमी दर्जाचं ठरलं?

म्हणून तुमच्या तिसऱ्या प्रश्नाला मी उलट प्रश्न करते. समजा तुम्ही सांगितलंत, 'गर्दीत मी गप्प झाले की मला बाहेर जायचं असतं, तू फक्त जवळ ये.' आणि पुढच्या वेळी तो खोलीच्या दुसऱ्या टोकाहून तुमच्याजवळ आला. त्यासाठी त्याला तुमचं वाक्य लक्षात ठेवावं लागलं, गर्दीत तुमच्याकडे पाहत राहावं लागलं, स्वतःच्या गप्पा सोडाव्या लागल्या. तुम्ही सांगितलं होतं म्हणून यातलं नेमकं काय वजा होतं? मला तर काहीच वजा होताना दिसत नाही. योगायोगानं कळण्यापेक्षा लक्षात ठेवून करणं मला मोठं वाटतं.

पण इथे मैत्रिणीचा सल्लाही अपुरा आहे. 'सांग त्याला' म्हणणं सोपं असतं, आणि कित्येक घरांत सांगण्याचं काम कायम एकाच माणसाच्या गळ्यात पडतं. तेच तेच पाचव्यांदा सांगावं लागत असेल तर तो थकवा खरा आहे. त्याला 'पुस्तकी अपेक्षा' म्हणून कुणी बाजूला सारू नये. तुमच्या पत्रावरून मात्र तुम्ही अजून त्या पाचव्या वेळेवर पोचलेला नाहीत. पहिलीच वेळ राहिली आहे.

आता त्याच्याबद्दल. त्याचं वाक्य बोचरं होतं, आणि ते तसं बोलायला नको होतं. पण 'असली माणसं जगात नसतात' म्हणणारा माणूस बहुधा कुणाशी तरी तुलना होऊन हरल्यासारखा झालेला असतो. रोज रात्री शेजारी बायको फोनमध्ये बघून हसते, कधी डोळे पुसते, आणि आपल्याला यातलं काही ठाऊक नाही. तुम्ही काय वाचता, त्यातलं काय आवडतं, हे त्याला कधी सांगितलंय? त्यानं कधी विचारलंय? दोन्हींची उत्तरं 'नाही' असतील तर त्याच्या मनातला 'पुस्तकातला पुरुष' तुमच्या मनातल्या नायकाहून फार वेगळा असणार. तो बहुधा पैसा, पिळदार दंड आणि महागडी गाडी यांच्याशी स्पर्धा करतोय. तुम्हाला हवंय ते त्याला जमण्यासारखं आहे, हे त्याला माहीतच नाही.

तेव्हा वाचन सोडू नका. ॲप परत घ्या, आणि चोरून नको, सांगून घ्या: 'रात्रीचा हा अर्धा तास माझा आहे, मला तो लागतो.' त्यालाही तसा स्वतःचा वेळ असेलच, त्याचा मान तुम्ही ठेवता तसा तुमच्या वेळेचा ठेवायला त्याला सांगा. मात्र भांडण झालेल्या रात्री लगेच पुस्तकात शिरू नका. त्या रात्रीची कळ जिथून आली तिथे थोडी राहू द्या, नाहीतर रॅडवे यांना वाटलेली भीती खरी ठरायची.

वाचताना एक सवय लावून पाहा, इतर वाचकांनाही ती उपयोगी पडेल. ज्या प्रसंगावर तुम्ही परत परत जाता त्यातून नायकाचं रूप, पैसा, हुद्दा, पाऊस आणि संगीत वजा करा. उरलं काय ते एका साध्या वाक्यात वहीत लिहा. कधी उरेल, 'त्यानं तिचं बोलणं मध्ये तोडलं नाही.' कधी, 'तिनं सगळ्यांसमोर त्याची बाजू घेतली.' असं उरलेलं वाक्य बहुतेकदा खऱ्या माणसाला करता येण्यासारखं असतं. आणि काहीच उरलं नाही, फक्त पाऊस आणि संगीतच होतं, तरी बिघडलं नाही. तो प्रसंग केवळ आनंदासाठी होता, तो नवऱ्याकडून वसूल करायचा नाही.

मग त्यातलं एकच वाक्य त्याला सांगा. भांडणात नको, एखाद्या निवांत वेळी. पुस्तकाचा दाखला देऊ नका, 'त्या कथेत तो बघ कसा' असं तर मुळीच नको. 'मला' या शब्दानं सुरुवात करा आणि मागणी इतकी नेमकी ठेवा की ती पुरी झाली की नाही हे दोघांनाही कळेल. 'तू माझ्याकडे लक्ष देत नाहीस' हे ऐकून माणूस फक्त स्वतःचा बचाव करतो. 'समारंभात एकदा येऊन मला विचार' हे करता येतं. मग त्याला विचारा की त्याला तुमच्याकडून काय हवंय. त्याच्याही डोक्यात कुठल्या तरी सिनेमातलं, मालिकेतलं, खेळाडूच्या घरातलं सहजीवनाचं चित्र असणारच, फक्त त्याला कुणी 'रोमान्स' म्हणून हिणवत नाही.

चित्रपट एकत्र पाहायचा असेल तर रिचर्ड लिंकलेटर यांची 'बिफोर' मालिका सुचवते. 1995, 2004 आणि 2013 असे तीन चित्रपट, तीच दोन पात्रं, तेच दोन कलाकार, दर वेळी मध्ये 9 वर्षांचं अंतर. पहिल्यात अनोळखी दोघं रात्रभर चालत बोलतात. तिसऱ्यापर्यंत ती दोघं एकत्र राहत असतात, मुली असतात, आणि हॉटेलच्या खोलीत त्यांचं लांबलचक, कडू भांडण होतं. दोघंही अधूनमधून बरोबर असतात, दोघंही मधूनमधून दुष्टपणे बोलतात. दुसरा आणि तिसरा चित्रपट लिहिण्यात ईथन हॉक आणि ज्युली डेल्पी या कलाकारांचाही हात होता, आणि मला ते भांडणाच्या दोन्ही बाजूंत जाणवतं. ते भांडण संपलं की टीव्ही थांबवा आणि एकमेकांना विचारा, तुला कुणाचं पटलं? दुसऱ्यांच्या भांडणावर बोलताना आपल्याबद्दलचं पुष्कळ काही सोपेपणानं बोललं जातं.

अशाच पेचातल्या इतरांसाठी दोन गोष्टी. तुम्ही 'डार्क रोमान्स' वाचत असाल, म्हणजे नायक पाळत ठेवतो, धमकावतो, कोंडून ठेवतो अशा कथा, तर त्या आवडतात म्हणून स्वतःला दोष देऊ नका. पुस्तक हवं तेव्हा मिटता येतं, त्या भीतीची दोरी तुमच्या हातात असते. पण खरा माणूस तुमचा फोन तपासत असेल, कुणाशी बोलायचं ते ठरवत असेल, आणि 'एवढा जीव लावलाय म्हणूनच' म्हणत असेल, तर त्याला त्या नायकाच्या मापानं मोजू नका, जवळच्या विश्वासाच्या माणसाला सांगा. विशेषतः ज्यांनी अजून स्वतः प्रेम केलेलं नाही, फक्त वाचलंय, अशा कोवळ्या वयाच्या मुलामुलींशी घरातल्या मोठ्यांनी यावर बोलावं. पुस्तक हिसकावून घेण्यापेक्षा 'यातला हा तुला का आवडला?' असं विचारणं बरं. दुसरी गोष्ट जोडीदारांसाठी. तुमचं माणूस अशा कथा वाचत असेल तर त्याला सर्वांत आवडणाऱ्या कथेतलं एक प्रकरण मागून घ्या आणि वाचा. आवडलं नाही तरी चालेल. तुमच्या माणसाला काय हलवून सोडतं ते इतक्या उघडपणे दुसरीकडे क्वचितच लिहिलेलं सापडेल.

आणि तुम्ही, मैत्रिणी, हे सगळं करूनही समजा दोन-तीन वेळा तो बोलणं हसण्यावारी नेतो, किंवा पुन्हा पुस्तकांवरच घसरतो, तर मग हा पुस्तकांचा प्रश्न उरत नाही. तेव्हा जोडप्यांसोबत काम करणाऱ्या समुपदेशकाकडे जा, शक्यतो दोघं मिळून, तो तयार नसेल तर आधी एकट्या. जाताना वही सोबत न्या, प्रसंगांतून वजाबाकी करून उरलेली वाक्यं त्यात असतील. पहिल्या भेटीत 'नेमकं काय हवंय?' असं विचारलं जाईल, आणि तुमच्याकडे उत्तर लिहिलेलं असेल.